तिथीची पाऊणपट

प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे अशी रीत आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीत मात्र काका प्रार्थनेला उभे राहिले, की निम्मे लोक एक डोळा किलकिला ठेवत. आज कोणाचा नंबर लागतोय ते आधी कळलेलं बरं असे.

काका बोलत देवाशी, पण ऐकायचं आम्हाला असे. "हे स्वर्गीय बापा, तुला ठाऊकच आहे, आमची एक बहीण गेले तीन रविवार डोकं दुखतंय म्हणून आली नाय. तिचं डोकं बरं कर. पण रविवारी दहा वाजता ती मच्छी मार्केटात सुरमईचा भाव करताना दिसते, तेव्हा तिचं डोकं कसं काय थांबतं, ते तूच तिला विचार." नाव ते कधी घेत नसत. नाव घेणं म्हणजे चहाडी, आणि चहाडी पाप आहे, असं ते स्वतःच सांगत. पण तीन रविवार गैरहजर राहिलेली बहीण मंडळीत एकच असे, आणि ती त्या दिवशी नेमकी दुसऱ्या रांगेत पदर सावरत बसलेली असे.

हेच त्यांनी भाषणात सांगितलं असतं तर कोणीतरी खाकरलं असतं, घड्याळाकडे बघितलं असतं. प्रार्थनेत मध्येच कोण बोलणार? तो माणूस देवाशी बोलतोय, आपण मध्ये पडणारे कोण? काकांना हे पक्कं ठाऊक होतं. एरवी चारचौघांत ते कोणाला एक वावगा शब्द बोलत नसत. सगळं रविवारसाठी साठवून ठेवत.

बँकेतून माझी रत्नागिरीला बदली झाली तेव्हा ही मंडळी, म्हणजे आमचं हे नवं चर्च, जेमतेम अकरा जणांचं होतं. मी कोल्हापूरकडची. आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, दगडी चर्च, सागवानी बाकं, भिंतीवर मेलेल्या मिशनऱ्यांच्या संगमरवरी पाट्या. इथे येऊन पाहते तर आंब्याच्या पेट्या भरायची शेड, तिच्यावर पत्र्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दारात सहा फुटी म्हातारा. शर्टाच्या खिशाला तीन पेनं. मला म्हणाला, "पाच मिनिटं उशीर झाला तुम्हाला. पहिल्यांदा आलात म्हणून सोडतो. चप्पल उजव्या बाजूला." त्या दिवशीच्या प्रार्थनेत कोल्हापूरच्या लोकांना वेळेचं भान मिळावं म्हणून खास विनंती झाली. अख्ख्या हॉलमध्ये कोल्हापूरची मी एकटीच होते.

काका बंदर खात्यातून निवृत्त झालेले, विधुर. मुलगा परदेशात, तो दर रविवारी उपासनेच्या वेळेलाच फोन करी आणि काका तो घेत नसत. मंडळी सुरू झाली ती त्यांच्या घराच्या पडवीत, पाच माणसांवर. ते त्यांनी आम्हाला कधी विसरू दिलं नाही. सूचना तेच देत, आणि त्या प्रवचनाहून लांब असत. कोणाची छत्री राहिली, कोणाच्या सासूला हगवण लागली, कोणी खुर्च्या रचताना आठाच्या थप्पीत नऊ ठेवल्या. आम्ही वैतागत असू. पण सासूला पेज घेऊन कोणीतरी दुपारीच पोचलेलं असे, हेही खरं.

एका गुड फ्रायडेची गोष्ट. हंगाम सुरू झालेला. बाहेरगावाहून आलेले पाळक प्रभूला क्रुसावर खिळल्याचं सांगत होते आणि नेमके त्याच वेळी खाली शेडमध्ये पेट्यांना खिळे ठोकायला लागले. ठक्, ठक्, ठक्. हॉलमध्ये एकही डोळा कोरडा राहिला नाही. नव्याने येऊ लागलेल्या दोन बायका तर हुंदके देत होत्या. काकांना हा प्रकार इतका आवडला, की पुढच्या वर्षी ते आदल्या दिवशीच खाली जाऊन शेडच्या मालकाला सांगून आले, "उद्या बरोबर साडेबाराला ठोका." मालक सज्जन हिंदू माणूस, देवाच्या कामाला नाही कसा म्हणणार? साडेबारा वाजले. पाळकांनी आवाज चढवला. काकांनी मान खाली घातली. खाली शांतता. शेवटी काका जिन्यावरून वाकून बघायला गेले, तर त्या वर्षीपासून मालकाने पुठ्ठ्याची खोकी आणली होती आणि गडी त्यांना चिकटपट्टी लावत बसले होते.

प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि रस घेतात त्याला, द्राक्षाचा रस बाहेरून आणायला काकांचा विरोध. "प्रभू कोकणात जन्मला असता तर कोकमच घेतलंन असतं," हा त्यांचा युक्तिवाद. म्हणून आम्ही कोकम सरबत घेत असू. एकदा त्यांनी शेजारणीकडून बाटली आणली ती निघाली आगळाची. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला अर्क, सोलकढीत चमचाभर घालतात तो. आम्ही तो निव्वळ, छोट्या पेल्यांतून, डोळे मिटून प्यायलो. घसा सोलून निघाला, पण प्रसंगच असा, की तोंड वाकडं करायची सोय नव्हती. काकांनी तर स्वतःचा पेला संपवून ओठ पुसले. पुढच्या महिन्यात गोड सरबत आलं तेव्हा नवीन आलेल्या एका शेतकरी बाप्याने मला हळूच विचारलं, "ताई, आज प्रभूचं दुःख कमी केलंनी का?"

पण काकांचं खरं राज्य समुद्रावर चाले. आमच्या मंडळीत बाप्तिस्मा बुडवून द्यायची पद्धत. नवीन विश्वास ठेवणाऱ्याला कमरेएवढ्या पाण्यात नेऊन मागे आडवं करायचं, पूर्ण पाण्याखाली घ्यायचं, वर काढायचं. हे चाले भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी, आणि दिवस, वेळ, जागा काका ठरवत. ते वाळूत दोन बांबू रोवत. त्या बांबूंच्या पुढे कोणी पाऊल टाकायचं नाही, कारण पुढे खाडीची ओढ. कोरडे टॉवेल कोणी धरायचे, कोणत्या बाईच्या साडीला कुठे पिना लावायच्या, सगळं ते ओरडून सांगत. फिरायला आलेले पर्यटक थांबून विचारत, "शूटिंग आहे का?" काका म्हणत, "होय, पण तुम्हाला काम नाय. चला पुढे."

भरतीची वेळ काढायची रीत त्यांनी मला शिकवली. फक्त मला, कारण मी बँकेतली, म्हणजे मला पाढे येत असणार. कॅलेंडरात तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. "आपण नेहमी त्याच्या तासभर आधी जायचं. पाणी चढतं असताना. उतरत्या पाण्यात माणूस नेऊ नये, ताई. उतरतं पाणी दगाबाज."

माझाही बाप्तिस्मा त्यांच्याच देखरेखीखाली झाला. म्हणजे दुसऱ्यांदा. पहिला मी तान्ही असताना आमच्या दगडी चर्चमध्ये झालेला, कपाळावर तीन थेंब. इथल्या मंडळीत तो धरत नाहीत, म्हणून मी परत घेतला. मला त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं. सगळे घेत होते, मीही घेतला. समुद्रावर जाताना काकांनी एवढंच विचारलं, "आईला कळवलंत?"

"हो," मी म्हटलं. कळवलं नव्हतं.

पुढे मे महिन्यात आई आंबे खायला आली. तिने काकांना पडवीत बसून तासभर माझ्या बारशाची आणि बाप्तिस्म्याची कहाणी ऐकवली. अख्खी आळी कशी जेवली, पाळकांनी मला हातात घेतल्यावर मी त्यांची दाढी कशी ओढली. काका "वा, वा" म्हणत ऐकत राहिले. माझं बिंग मात्र फोडलं नाही. त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं, आणि त्यानंतरचे कित्येक रविवार मी एक डोळा उघडा ठेवून बसत असे. पण ते त्यांच्या प्रार्थनेत कधी आलं नाही.

मंडळी वाढली. अकराचे चाळीस झालो. मग पुण्याच्या मुख्य मंडळीने आमच्यासाठी कायमचा पास्टर पाठवला. तिशीतला, उत्साही, लॅपटॉपवाला. आला तो भिंतीवर पडदा लावूनच. काकांच्या सूचना त्याने पडद्यावर टाकल्या, त्या दोन मिनिटांत संपल्या. गाण्याच्या वेळी तो "अमेझिंग! अमेझिंग!" असं ओरडे. पोरगा वाईट नव्हता. घरोघर जाई, म्हाताऱ्यांच्या पाया पडे. पण त्याच्याकडे एक फाईल होती, आणि फाईलमध्ये नियम होते. मंडळीची रीतसर स्थापना करायची, वडील नेमायचे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या माणसाला आमच्यात वडील म्हणतात. प्रार्थना चालवायची, प्रभुभोजन वाटायचं, आजाऱ्यांकडे जायचं ते त्याने. हे सगळं काका पडवीपासून करतच होते, फक्त कागदावर नव्हतं. कागदासाठी पास्टरने विचारलं, "काका, तुमचा बाप्तिस्मा कधी झाला?"

"चाळीस दिवसांचा होतो तेव्हा."

"म्हणजे शिंपडून?"

"मग काय, चाळीस दिवसांच्या पोराला खाडीत टाकणार?"

इतकी वर्षं लोकांना समुद्रात उतरवणारा माणूस स्वतः कधी उतरलाच नव्हता, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पास्टरने पुण्याला विचारलं. पुण्याहून उत्तर आलं, की बुडून बाप्तिस्मा घेतल्याशिवाय वडील होता येणार नाही, वयाचा आदर आहेच, पण नियम सगळ्यांना सारखा. एकाहत्तराव्या वर्षी काकांपुढे सरळ प्रश्न होता. पाण्यात उतरायचं, नाहीतर स्वतःच्या पडवीत सुरू केलेल्या मंडळीत मागच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. त्या माणसाचा अख्खा आठवडा रविवारसाठी असे. तो गेला तर त्यांच्याकडे तीन पेनं आणि न घेतलेला फोन उरणार होता.

काका हुज्जत घालतील असं सगळ्यांना वाटलं. ते म्हणाले, "बरं. पुढच्या महिन्यात चौघं नवीन आहेत, त्यांच्यानंतर मला घ्या. वेळ मी सांगतो."

त्या रविवारी बारा वाजता आम्ही खाडीच्या तोंडाशी जमलो. चौघांचं पटापट झालं. मग पास्टरने हात पुढे केला आणि काका पांढऱ्या सदऱ्यात, तीन पेनं काढून ठेवून, संथपणे पाण्यात गेले. बांबूंपाशी पाणी मांडीएवढं होतं. पास्टर म्हणाला, "काका, आधी दोन शब्द प्रार्थना करता?" पुण्याचा होता बिचारा.

काकांनी डोळे मिटले. "हे स्वर्गीय बापा," त्यांनी सुरुवात केली, "तुला आठवत असेल, मी मिशनच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी सांगितलंनी, हे पोर दोन दिवस काढत नाय. माझी आई तिथं लादी पुसायची. पाळकाला बोलवायला वेळ नव्हता. तिनं नर्सबाईंना हाक मारलीन. बाईंनी औषधाच्या पेल्यात नळाचं पाणी घेतलंनी आणि तुझं नाव घेऊन माझ्या टाळूवर घातलंनी. तो पेला माझ्या आईनं मरेपर्यंत जपलान. आता ही पोरं म्हणतात, ते पाणी कमी होतं. कमी होतं तर मी तेव्हा गेलो का नाय, ते यांना सांग. मी आज इथं ओला झालो तर त्या माउलीला सांगितल्यासारखं होईल, की बाय, तू केलंस ते काय झालंच नाय. हे मला तिला सांगवत नाय."

काका इथे थांबले असते तर मी स्वतः पास्टरला जाऊन म्हटलं असतं, की राहू दे हे सगळं. पण काका थांबणारे नव्हते. ते मंडळीच्या प्रत्येक माणसासाठी प्रार्थना करायला लागले, हॉलमधल्या पहिल्या रांगेपासून क्रमाने. डोकेदुखी, सासू, बारावीला तिसऱ्यांदा बसलेला पुतण्या, दारू सोडलेला आणि पुन्हा धरलेला रिक्षावाला. वीस मिनिटं झाली, तीस झाली. पास्टर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. आणि मग माझी रांग आली.

"आमच्या एका बहिणीवर दया कर. तिचापण तिच्या आईनं लहानपणी बाप्तिस्मा करवलान होता. तिनं इथं परत घेतलान आणि आईला सांगितलंन नाय. मला मात्र, कळवलं, असं म्हणालीन. आईला काय वाटेल याची तिला भीती आहे, बापा. म्हणजे तिलापण मनातून कळतंय. तिला धीर दे."

चाळीस डोक्यांपैकी किती माझ्याकडे वळली ते मी मोजलं नाही. माझे दोन्ही डोळे उघडे होते. दोन वर्षं त्यांनी जपलेलं ते या दिवशी, या सगळ्यांपुढे बाहेर काढलं. आणि खोटं काहीच नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. मला जे तीन थेंब म्हणून सोडून देता आलं, ते या माणसाला सोडता येत नव्हतं, आणि ते तो माझ्या नाकावर टिच्चून सांगत होता.

"आमेन" आलं तेव्हा एक वाजून गेला होता. पास्टरने खाली बघितलं. पाणी गुडघ्यांच्याही खाली गेलं होतं. त्याने पुढे बघितलं. पुढे बांबू, आणि बांबूंपलीकडे खाडी खळाळत समुद्रात ओढली जात होती. काकांना बसवून आडवं करावं तर त्यांचे गुडघे कित्येक वर्षांत वाकलेले नव्हते. सहा फुटी माणूस तेवढ्या पाण्यात बुडवायचा कसा, हे फाईलमध्ये नव्हतं.

"आता?" पास्टर म्हणाला.

"आता ओहोटी," काका म्हणाले, आणि टॉवेल मागितला.

लोक हसले. मी घरी जाऊन कॅलेंडर काढलं. चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. साडेदहाला भरती पुरी, आणि आम्हाला बोलावलं बाराला. जन्मभर चढत्या पाण्याचा धोशा लावणाऱ्या माणसाने स्वतःसाठी उतरतं पाणी निवडलं होतं. दुसरं कोणी असतं तर मी पोट धरून हसले असते. मी सोमवारी बँक सुटल्यावर पास्टरकडे गेले आणि तिथीपासून सगळा हिशेब त्याला समजावून सांगितला. सत्य सांगणं माझं कर्तव्य आहे, असंही म्हणाले. म्हणताना मला बरं वाटत होतं, हे आता कबूल करते.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर सभा लागली. सभेची वही काका लिहीत आणि मतांची मोजणीही तेच करत. ज्याच्याबद्दल सभा आहे त्याने मोजणी करू नये, हे कोणाला सुचलं नाही, आणि काकांना तर नाहीच. त्यांनी पेन काढून सुरुवात केली, "हजर मला धरून एक्केचाळीस. ठराव पास व्हायला एकवीस हात लागतील."

पास्टर उभा राहिला. "काकांनी जाणूनबुजून ओहोटीची वेळ दिली, असं मला समजलंय. काका, हे खरं आहे का?"

"होय. चतुर्दशी होती," काका म्हणाले. कोणी सांगितलं, ते त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. माझ्याकडे बघितलंही नाही.

डोकेदुखीवाली बहीण उठली. "मग काय झालं? माझी सासू आजारी होती तेव्हा पास्टर, तुमचा पडदा आला होता का पेज घेऊन?" दोघंतिघं हसले. मग पास्टरने ठराव वाचला. काकांना वडील म्हणून नेमू नये, आणि यापुढे प्रार्थना व प्रभुभोजन त्यांच्याकडे नसावं. मान्य असेल त्यांनी हात वर करावा.

काका वही घेऊन पहिल्या रांगेपासून निघाले. प्रार्थनेत ज्यांच्या ज्यांच्या अंगावर कधी शिंतोडे उडाले होते, त्यांतल्या बहुतेकांचे हात वर होते. रिक्षावाल्याचा होता. डोकेदुखीवालीचा नव्हता. काका बोट रोखून मोठ्याने मोजत होते. "तेरा, चौदा... हात सरळ ठेवा हो... सतरा." मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांचं "वीस" म्हणून झालं होतं, आणि माझ्यानंतर कोणी उरलं नव्हतं.

माझा हात अर्धा वर होता. कोपर खुर्चीच्या पाठीवर, बोटं खांद्यापाशी. वर न्यावा की खाली, मला खरंच कळत नव्हतं.

काका थांबले. ते रागावलेले नव्हते. वहीवर पेन टेकवून, इतर कोणालाही विचारलं असतं तसं त्यांनी विचारलं, "ताई, वर तर वर, नायतर खाली. मधेच ठेवलात तर मी लिहू काय?"

मी हात वर केला.

"एकवीस," काका म्हणाले, आणि त्यांनी लिहून घेतलं.